‘कोपर वर’ म्हणू नका

आझाद मैदानात हे चित्र नेहमीचं आहे. नेटमध्ये झकास खेळणारा पोरगा शालेय क्रिकेटच्या गाइल्स शिल्ड स्पर्धेतल्या मॅचला दुसऱ्याच बॉलवर दांडी उडवून घेऊन परत येतो. तंबूत बसलेले जाणकार लगेच निकाल देऊन टाकतात: ‘टॅलेंट आहे हो, पण टेंपरामेंट नाही.’ पुढच्या मॅचला त्याला बजावलं जातं, ‘डोकं खाली, कोपर वर, नीट लक्ष देऊन खेळ.’ तो नीट लक्ष देतो आणि पुन्हा बाद होतो.

माझं भांडण आहे ते या ‘नीट लक्ष दे’शी. दडपणाखाली तयार खेळाडूचा खेळ बिघडतो, तेव्हा बरेचदा त्याचं लक्ष कमी पडलेलं नसतं. ते नको तिथे गेलेलं असतं.

आधी वेळेचा हिशेब बघू. ताशी 140 किलोमीटर वेगाचा बॉल गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. ‘आता डावा पाय पुढे, आता कोपर’ असं मनात म्हणायलाही तेवढा वेळ पुरत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. फलंदाज बॉलवर सतत नजर ठेवतच नाही, असं त्यांना दिसलं. बॉल सुटताना तो बघतो आणि मग नजर थेट उडी मारते ती बॉल जिथे टप्पा घेईल त्या जागी, बॉल तिथे पोचण्याआधीच. चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते. आणि आपण अशी उडी मारतो हे खुद्द फलंदाजाच्या गावीही नसतं.

कौशल्य मुरतं म्हणजे नेमकं हेच होतं. शिकताना प्रत्येक हालचाल आपण शब्दांत धरतो, मेंदूच्या पुढच्या भागावर त्याचा ताण येतो. हजारो वेळा घोटल्यावर ते काम मेंदूच्या आतल्या गाभ्यातल्या केंद्रांकडे आणि मागच्या लहान मेंदूकडे जातं आणि शब्द गळून पडतात. दादरच्या पुलाचा जिना आपण गर्दीत, फोनवर बोलत, पायांकडे न बघता उतरतो. एकदा प्रत्येक पायरीला ‘आता उजवा, आता डावा’ असं म्हणत उतरून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. (गर्दीच्या वेळी नको, मागचे शिव्या घालतील.)

आता माझा आवडता प्रयोग. अमेरिकेत सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी 2002 साली तो प्रसिद्ध केला. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना दोन प्रकारे पटिंग, म्हणजे बॉल हलकेच टोलवून खळग्यात घालणं, करायला लावलं. एका वेळी कानावर वेगवेगळे सूर पडत होते आणि ठरावीक सूर आला की तो ओळखून सांगायचा होता, म्हणजे लक्ष मुद्दाम दुसरीकडे वळवलेलं. दुसऱ्या वेळी आपल्याच फटक्याकडे लक्ष ठेवायचं आणि काठी थांबली त्या क्षणी ‘स्टॉप’ म्हणायचं. लक्ष विचलित असताना पटिंग चांगलं झालं, स्वतःच्या फटक्याकडे पाहताना बिघडलं. मग फुटबॉल. शंकूंमधून बॉल काढत न्यायचा आणि बॉलला पायाची कुठली बाजू लागली याचं भान ठेवायचं. अनुभवी खेळाडू उजव्या पायाने मंदावले, नवशिके मात्र सुधारले. सगळ्यात मजेदार भाग पुढेच आहे. त्याच अनुभवी खेळाडूंना डाव्या, म्हणजे कमी सवयीच्या पायाने खेळवलं, तेव्हा लक्ष देण्याचा त्यांनाही फायदा झाला. माणूस तोच, मैदान तेच. फरक पडला तो कौशल्य किती मुरलंय याचा.

मेंदूच्या लहरींतही याचा माग लागतो. 1984 साली हॅटफील्ड आणि सहकाऱ्यांनी निष्णात रायफल नेमबाजांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावले. घोडा दाबण्याआधीच्या काही सेकंदांत डाव्या कानशिलाच्या भागातल्या अल्फा लहरी वाढताना दिसल्या. अल्फा वाढणं म्हणजे, ढोबळमानाने, तो भाग निवांत होणं. उजव्या हाताच्या बहुतेक लोकांत भाषेचं बरंच काम डाव्या बाजूला चालतं. पुढच्या अभ्यासांत डाव्या कानशिलाचा भाग आणि कपाळामागचा हालचाली आखणारा भाग यांच्या लहरी एकमेकींशी किती जुळतात ते मोजलं गेलं. निष्णातांत ही जुळणी कमी भरली, म्हणजे हालचालीत भाषेची लुडबूड कमी. इथवर वाचून डोकं गरगरलं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: नेम धरताना आतली बडबड थांबलेली असते.

ही बडबड दडपण आल्यावर पुन्हा सुरू होते. हरण्याची भीती, बघणारे लोक, निवड समिती, यांमुळे माणूस स्वतःवर पहारा ठेवू लागतो. सलग हालचालीचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि बॅट उशिरा येते. इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी 1992 साली एका गटाला पटिंगच्या सूचना देऊन शिकवलं आणि दुसऱ्याला सूचना न देता, तोंडाने मनाला येतील ती अक्षरं म्हणायला लावत शिकवलं. नंतर दडपण आणल्यावर पहिला गट अडखळला, दुसरा सुधारत राहिला. ज्याच्या डोक्यात नियमांची यादीच नाही, तो ऐन वेळी तपासणार काय? पुढे याच गोटातून टेबल टेनिसची एक युक्ती आली. टॉपस्पिनच्या, म्हणजे बॉलला पुढे फिरकी देणाऱ्या फटक्याच्या, सूचनांची यादी देण्याऐवजी ‘काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आण आणि बॅट त्याच्या कर्णावरून वर ने’ एवढंच सांगायचं.

आता बाजाराबद्दल. खेळाडूंची मानसिक तयारी हा गंभीर विषय आहे. नाशिकच्या भीष्मराज बामांनी तो आपल्याकडे रुजवायला आयुष्याची बरीच वर्षं दिली, आणि 2011 चा विश्वचषक वानखेडेवर जिंकणाऱ्या संघासोबत पॅडी अपटन याच कामासाठी होते. त्या नावाखाली दोन दिवसांत ‘सबकॉन्शस पॉवर’ जागवून देणारी शिबिरं निघाली आहेत, ती वेगळी. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ क्लासांचीच ही चुलत भावंडं. किटबॅगेला बांधलेलं लिंबू-मिरची फुकट तरी असतं. डावं पॅड आधी बांधणं हा प्रकार मात्र मी लिंबात धरणार नाही. ग्रह त्याने वळत नाहीत, पण ठरलेला क्रम रिकाम्या मनाला काम देतो. सर्व्हिसपूर्वी बॉल तीनदा आपटणं, रन-अपच्या खुणेवर उभं राहून शिवण बोटांत फिरवणं, हेही त्यातलंच. लांब उच्छ्वासाचं कारण तर सरळ शारीरिक आहे. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या एका नसेमुळे, हृदयाचे ठोके मंदावतात. कबड्डीत तिसरी, ‘डू ऑर डाय’ रेड टाकायला निघण्याआधी असे दोन श्वास सहज घेता येतात.

दडपणाची सवय सरावातच लावता येते, आणि याचं मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. तेंडुलकरला बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर तेंडुलकरचं. अशी तेरा नाणी त्यांच्याकडे आहेत. या गोष्टीतून लोक ‘जिद्द’ काढतात. मला त्यात दिसतो तो नेमका मोजून दिलेला ताण: थकलेलं अंग, आजूबाजूला बघणारी पोरं आणि काहीतरी पणाला. सर कधी कधी झाडाआड उभे राहून खेळ बघायचे, हेही तेंडुलकरांनी सांगितलं आहे.

म्हणून मला वाटतं, मानसिक कौशल्यांचं पहिलं प्रशिक्षण कोचला द्यावं. अकरा वर्षांच्या नवशिक्याला कोपर दाखवायलाच हवं. फुटबॉलच्या प्रयोगातल्यासारखा तो त्याचा कमी सवयीचा ‘डावा पाय’ आहे. तंत्रातली खोटही श्वास मोजून निघणार नाही. पण तयार पोराला मॅचच्या दिवशी सूचना देऊ नयेत. द्यायचीच झाली तर शरीराबाहेरची एकच द्यावी: ‘शिवण बघ’, ‘मिडऑफच्या डावीकडे मार’. तांत्रिक बोलणं मंगळवारच्या नेटमध्ये करावं.

अडचण अशी की सीमारेषेवर गप्प बसलेला कोच फी भरणाऱ्या पालकांना काम करताना दिसत नाही. ओरडणारा दिसतो. त्यामुळे सीझनच्या सुरुवातीला पोरांच्या आधी पालकांची एक बैठक घ्यावी आणि गोल्फचा तो ‘स्टॉप’वाला प्रयोग त्यांना सांगावा. हवं तर शंकू मांडून, बाबांच्या पायात फुटबॉल देऊन करूनही दाखवावा.