पार्श्वभूमीवरचं अदिश क्षेत्र आणि अर्धा कण

दोन क्षेत्रं (जागोजागी मूल्य असलेल्या भौतिक राशी) एकमेकांत गुंतली की क्वांटम गणित बहुधा सुटतच नाही. त्यावर एक जुनी तडजोड आहे. एका क्षेत्राला अभिजात, म्हणजे क्वांटम अनिश्चितता नसलेलं, मानायचं, त्याचं मूल्य जागोजागी ठरवून टाकायचं आणि त्या पार्श्वभूमीवर दुसऱ्याचं वर्तन तपासायचं.

सुरुवात विद्युत क्षेत्रापासून झाली. 1929 मध्ये ऑस्कर क्लाइन यांना दिसलं, की पुरेशा उंच विभवापुढे, म्हणजे विद्युत ऊर्जेच्या भिंतीपुढे, डिरॅकच्या समीकरणातला इलेक्ट्रॉन अडतच नाही. 1951 मध्ये श्विंगर यांनी तीव्र क्षेत्रात निर्वातातूनच इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या जोड्या निघण्याची संभाव्यता मांडली. (अशा पार्श्वभूमींची गुरुत्वीय पार्श्वभूमीशी तुलना पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, थाणू पद्मनाभन यांनी केली.)

अदिश क्षेत्राला दिशा नसते, प्रत्येक बिंदूला फक्त एक आकडा. पण तो आकडा कणाच्या वस्तुमानात मिसळतो, आणि खरी गंमत तिथे आहे. 1976 मध्ये जॅकिव आणि रेबी यांनी असं क्षेत्र घेतलं, की डावीकडे त्याचं मूल्य उणे आणि उजवीकडे अधिक. मधे कुठेतरी ते शून्यातून जाणारच. त्या सांध्यावर फर्मिऑनला (इलेक्ट्रॉनसारख्या कणाला) बरोबर शून्य ऊर्जेची एक पातळी मिळते. ती भरलेली असो वा रिकामी, ऊर्जा तीच. मग कण आणि प्रतिकण (ते उणे मोजायचे) यांच्यातल्या सममितीमुळे दोन्ही अवस्थांची कणसंख्या सारखीच पण उलट चिन्हाची हवी, आणि त्यांत फरक तर एकाच कणाचा. म्हणजे अधिक अर्धा आणि उणे अर्धा! इतक्या साध्या युक्तिवादातून अर्धा कण निघतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

1979 मध्ये सू, श्रीफर आणि हीगर यांना हाच सांधा पॉलिअॅसिटिलीन या कार्बनी बहुवारिकाच्या साखळीत सापडला. तिथे एकेरी-दुहेरी बंधांचा क्रम मधेच उलटतो. इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) दोन प्रकारची असल्याने अर्धा भार मात्र लपतो. उरतो तो भार असलेला पण फिरकी नसलेला वाहक.

पार्श्वभूमी काळानुसार डोलू लागली तर? नागपंचमीला झोक्यावर उभं राहून ठरावीक लयीत उठबस केली की झोका चढत जातो, तसंच इथे. 1990 मध्ये ट्रॅशन आणि ब्रँडनबर्गर यांनी दाखवलं, की विश्वाच्या सुरुवातीच्या महाविस्तारानंतर (इन्फ्लेशन) डोलणारं अदिश क्षेत्र असेच भराभर कण निर्माण करतं. पण त्या कणांची ऊर्जा क्षेत्रातूनच जाते. कण पुरेसे वाढले, की ठरवून टाकलेली पार्श्वभूमी ठरलेली राहत नाही. मग दोन्ही क्षेत्रं एकत्रच सोडवावी लागतात, संगणकावर.