‘पचिमू’ आणि ‘झाचेम’: रशियनमधले ‘का’ आणि ‘कशाला’

रशियन-इंग्रजी शब्दकोशात या दोन्ही शब्दांपुढे ‘व्हाय’ असंच लिहिलेलं असतं, आणि शिकणारा तिथेच अडकतो. आपण मराठी माणसांनी इंग्रजीचा वळसा घेऊच नये. पचिमू म्हणजे ‘का, कशामुळे’. झाचेम म्हणजे ‘कशाला’.

दारात आलेल्याला ‘पचिमू ति प्रिशोल?’ विचारलं, तर येण्यामागचं कारण विचारलं. ‘झाचेम ति प्रिशोल?’ म्हटलं, तर हेतू विचारला. आणि स्वर जरा चढला की आपल्या ‘कशाला आलास?’सारखंच ते समोरच्याला लागतं. पहिल्याचं उत्तर ‘पतमू श्तो’ने (कारण की) सुरू होतं, दुसऱ्याचं ‘श्तोबि’ने (म्हणून, यासाठी).

दोन्ही शब्द एकाच ‘श्तो’चे, म्हणजे ‘काय’चे. आपल्याकडे ‘काय’ला विभक्ती लागली की कशाला, कशाने होतं, तसं ‘श्तो’चं चतुर्थीत चिमू आणि तृतीयेत चेम होतं. आधी ‘पो’ लागून पचिमू, ‘झा’ लागून झाचेम. पाव आणायला जाणं म्हणजे रशियनमध्ये ‘झा ख्लेबम’ जाणं. हाच ‘झा’ झाचेममध्ये आहे, म्हणून त्यात हेतू आला.

मग ‘श्तो’त ‘श’ आणि चिमूत ‘च’ कसा? लिहिताना तोही ‘च्तो’च; ‘श’ फक्त उच्चारातला. मूळ प्रश्नार्थक ध्वनी ‘क’. क्तो (कोण), कग्दा (केव्हा), कुदा (कुठे, कोणीकडे) यांत तो टिकला. ‘इ’ पुढे आली तिथे मात्र तो मऊ होऊन ‘चि’ झाला. संस्कृतातही हेच घडलं. ‘किंचित्’मधला चित् या ‘चि’चा सख्खा भाऊबंद आहे. ‘तो’ मागाहून चिकटला, आणि त्याचं नातं आपल्या ‘ते’शी आहे. तो प्रथमा-द्वितीयेपुरताच राहिला, म्हणून चिमू आणि चेममध्ये त्याचा मागमूस नाही.

रशियन येणाऱ्याने पोलिशमध्ये मात्र जपून राहावं. तिथल्या ‘पो त्सो’तला ‘पो’ पाहून पचिमू आठवतं, पण त्याचा अर्थ ‘कशाला’! पोलिश माणूस पाव आणायला ‘पो ख्लेप’ जातो. ‘का’साठी त्याचा शब्द वेगळा, ‘द्लाचेगो’. चेक भाषेत दोन्ही ठिकाणी ‘प्रोच’ चालतं, आणि त्याच्या शेवटचा ‘च’ म्हणजे ‘तो’ न चिकटलेला तोच जुना ‘चि’.