सेवाग्रामच्या पिनकोडची कपाशी

सेवाग्रामचा पिनकोड 442102. टपाल खात्याने ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू केली. पहिले तीन आकडे डाक वर्ध्याकडे वळवतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट सांगतात. पोस्टमनला एवढं पुरे. पण 442102 ही एक संख्याही आहे, आणि तिचा स्वभाव भारी अडेल आहे.

अवयव पाडून बघा. सम आहे, म्हणून 2 ने भागली, उरले 221051. याला 3, 5, 7, 11, 13 यांपैकी कशानेच भाग जात नाही. 17 साठी एक सोपी युक्ती आहे: शेवटचा अंक काढा, त्याची पाचपट उरलेल्यातून वजा करा. 22105 मधून 5 गेले, राहिले 22100, म्हणजे 17 गुणिले 1300. जमलं! भागाकार येतो 13003. इथून पुढे मात्र घाम निघतो. 17 पासून 113 पर्यंतच्या सगळ्या 24 मूळ संख्यांनी भागून पाहिलं, तरी दरवेळी बाकी उरतेच. 114 चा वर्ग 12996 आणि 115 चा 13225, म्हणून त्यापुढे जायची गरज नाही. 13003 मूळ संख्याच आहे.

म्हणजे 442102 = 2 × 17 × 13003.

आता एवढी कपाशीची झाडं तीन-तीन फुटांच्या चौफुलीवर लावायची आहेत आणि वावर आयताकृती हवं, असं समजा. सगळ्यात आटोपशीर मांडणी 34 तासांची, म्हणजे ओळींची, दर तासात 13003 झाडं. वावराची रुंदी जेमतेम शंभर फूट आणि लांबी जवळपास 12 किलोमीटर! वर्ध्याहून डवरा धरला तर पहिल्याच फेरीत बैल सेवाग्राम ओलांडून जातील.

फक्त दोन झाडं वाढवा. 442104 चे अवयव 2 × 2 × 2 × 3 × 13 × 13 × 109. याला 48 विभाजक आहेत, आधीच्या संख्येला फक्त 8. झाडं 654 × 676 अशी बसतात, वावर जवळपास चौरस. दोघी इतक्या शेजारी, पण 1 आणि 2 सोडले तर त्यांना सामाईक विभाजक नाही. असूही शकत नाही, कारण दोघींना भागणाऱ्या संख्येने त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे 2 लाही, भागायला हवं.

स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज केली तर 442102 ची येते 260114, संख्येपेक्षा कमी. अशीला न्यून संख्या म्हणतात. 442104 ची बेरीज 765696, म्हणून ती विपुल.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या सांगितल्या: अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. सेवाग्रामच्या अंकांची बेरीज 13, बाकी 11, नापास. यवतमाळचा 445001 तर भागाकार न करताच बाद, कारण बेरीज 14 सम आणि संख्या विषम. अमरावतीचा 444601 थोडक्यात हुकतो: 19 ने भागल्यावर बाकी 1. एक कमी करून 444600 घेतला, तर अंकांची बेरीज 18 होते आणि 18 ने बरोबर 24700 वेळा भाग जातो.