सांगली-मुंबई: आकाशातले अंतर आणि घड्याळातला वेळ

सांगलीकरांसाठी 'आपला' विमानतळ म्हणजे कोल्हापूरचा उजळाईवाडी. तिथून मुंबई विमानतळ हवाई अंतराने साधारण ३१० किलोमीटर. रस्त्याने मात्र पुणे आणि बोरघाट करत पावणेचारशेच्या पुढे जावे लागते. ही तफावत आजची नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे विमान जुहूला आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. नकाशावर पट्टी ठेवून जुहू आणि बळ्ळारी जोडून बघा. रेघ खटाव, खानापूर, कवठेमहांकाळ, जत या भागातून जाते. म्हणजे देशाच्या पहिल्या हवाई टपालमार्गांपैकी एकाची सरळ रेघ आपल्याच दुष्काळी पट्ट्यावरून जाते, पण थांबा बळ्ळारीला! राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये, कोल्हापूरला विमानतळ झाला. कराडला छोटी धावपट्टी आहे, सांगलीजवळ कवलापूरचीही जागा आहे, पण प्रवासी सेवेचा प्रश्न दोन्हीकडे लोंबकळतच राहिला.

आता वेळेचे गणित. हवाई अंतर दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढतात आणि ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणून कोल्हापूर-मुंबई सुमारे १६७ सागरी मैल भरते. एटीआरसारखे पंख्यांचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते. त्या हिशेबाने ३७ मिनिटे पुरेत. तिकिटावर मात्र तासाच्या आसपासची वेळ दिसते आणि त्यात कुणाची लबाडी नाही. विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणे, उतरण्याआधी घातलेला वळसा, सगळे आले. त्यात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालते. गर्दीच्या वेळी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात.

छोट्या मार्गाचे खरे दुखणेही मुंबईतच आहे. २०१६ मध्ये आलेल्या उडान योजनेने तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला काही जागांपुरती २,५०० रुपयांची मर्यादा घातली. तिकीट आवाक्यात आले, पण मुंबईत उतरण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, मिळाला नाही तर स्वस्त तिकिटाचा उपयोग काय? मोठ्या शहरांच्या विमानांपुढे कोल्हापूरचा नंबर मागे पडतो, हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणूनच सांगलीचा माणूस विमानाची तुलना महालक्ष्मी एक्स्प्रेसशी करतो. रात्री मिरजेला किंवा सांगलीला बसले की सकाळी मुंबई. विमानासाठी आधी उजळाईवाडीपर्यंत जवळपास ५० किलोमीटर, मग तपासणीसाठी तासभर आधीची हजेरी, आणि उतरल्यावर मुंबईची वाहतूक. साताऱ्याचे गणित आणखी वेगळे आहे. त्यांना खंबाटकी ओलांडून पुण्याचे लोहगाव गाठावे लागते. मुंबईला जायचे असेल, तर पुण्यापर्यंत पोचल्यावर विमानापेक्षा द्रुतगती मार्गच सोयीचा पडतो. विमान त्यांच्या उपयोगी येते ते दिल्ली, बंगळूरसारख्या लांबच्या प्रवासाला.