कामगार संघटनेची घटनादुरुस्ती

नोंदणीकृत कामगार संघटनेच्या नियमावलीत, म्हणजे युनियनच्या घटनेत, बदल करण्याची, भर घालण्याची किंवा एखादा नियम रद्द करण्याची रीत. भारतात ही रीत सर्व संघटनांना एकच नाही. नियम कसे बदलायचे हे नियमावलीतच लिहिलेले असले पाहिजे, एवढी सक्ती कामगार संघटना अधिनियम, १९२६ च्या कलम ६ ने केली. सूचना कोणी द्यायची, किती दिवस आधी द्यायची आणि ती किती मतांनी मंजूर व्हायची, हे प्रत्येक संघटनेवर सोडले. त्यामुळे शेजारच्या कारखान्यातल्या युनियनची पद्धत आपल्याकडे चालेलच असे नाही. दुरुस्ती सुचवू पाहणाऱ्या सभासदाने आधी दुरुस्तीचे कलम वाचावे, तेही निबंधकाकडे, म्हणजे संघटनांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदलेल्या प्रतीत. कार्यालयात पडून असलेल्या छापील पुस्तिकेत नंतरच्या दुरुस्त्या आलेल्या असतातच असे नाही.

लेखी नियमांची ही परंपरा फार जुनी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांची बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मागण्या मांडत होती, पण तिला सभासदांची यादी, निधी किंवा नियम नव्हते. संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात ठराव मांडला. त्यानंतर झालेला कायदा १ जून १९२७ रोजी अमलात आला, आणि नोंदणी हवी असेल तर लेखी नियमावली अटळ झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. जुनी वैध नोंदणी संहितेखालचीच मानली जाते, मात्र घटना व नियम संहितेच्या कलम ७ प्रमाणे अद्ययावत केल्याचे निवेदन संघटनेने निबंधकाकडे द्यावे लागते. वर्षानुवर्षे नियमावलीला हात न लावलेल्या संघटनांनाही आता ती उघडावी लागणार आहे, आणि सभासदांनी आपल्या सूचना मांडाव्यात अशी ही वेळ आहे.

सूचना लेखी द्यावी आणि सरचिटणीसांच्या नावे द्यावी. तिच्यात नियमाचा क्रमांक, सध्याचा मजकूर जसाच्या तसा, प्रस्तावित मजकूर, बदलाचे कारण आणि तो कधीपासून लागू व्हावा, एवढे असावे. खाली सूचक व अनुमोदक यांची नावे, सभासद क्रमांक व सह्या हव्यात. दोघांची वर्गणी थकलेली नसावी, कारण सूचना फेटाळायला हेच कारण सर्वांत सहज सापडते. ‘निवडणुकीची पद्धत सुधारावी’ अशी मोघम सूचना इच्छा म्हणून ठीक आहे, दुरुस्ती म्हणून नाही. सभेपुढे मतास ठेवता येईल असे तयार वाक्यच द्यावे लागते. एक नियम बदलला की त्यावर अवलंबून असलेले इतर नियमही तपासावेत. कार्यकारिणीची संख्या ११ वरून १५ केली आणि तिची गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान उपस्थिती, ठरवणारा नियम तसाच राहिला, की पुढच्या प्रत्येक बैठकीत वाद ठरलेला. सूचनेची पोच तारखेसह घ्यावी.

बहुतेक नियमावल्यांत सूचना आधी कार्यकारिणीपुढे जाते आणि तिच्या अभिप्रायासह सर्वसाधारण सभेत येते. कार्यकारिणीने ती दाबून ठेवली तर दुसरी वाट म्हणजे विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी. त्यासाठी किती सभासदांच्या सह्या लागतात आणि मागणीनंतर किती दिवसांत सभा बोलवायची, हे नियमावलीत असते. सह्या गरजेपेक्षा जास्त गोळा कराव्यात, कारण छाननीत थकबाकीदार व निवृत्त सभासद गळतात. सभासद-यादी पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्यानेच आहे, तेव्हा सह्या घेण्यापूर्वी तो वापरावा.

दुरुस्त्या सर्वांत जास्त अडकतात त्या नोटिशीत. विषयपत्रिकेत ‘घटनादुरुस्तीवर विचार’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. कोणता नियम, कसा बदलणार, हे नोटिशीसोबत गेले पाहिजे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घटनादुरुस्ती घेणे सरळसरळ चुकीचे आहे. गैरहजर सभासदाला आपली घटना बदलली जाणार हे कळलेलेच नसते, आणि ही त्याची फसवणूक आहे. नियमात पूर्ण १५ दिवसांची नोटीस म्हटले असेल तर नोटिशीचा व सभेचा दिवस धरत नाहीत: १ तारखेला काढलेल्या नोटिशीवर सभा १७ तारखेला, त्याआधी नाही. सभेत उपसूचना येऊ शकते, पण नोटिशीच्या मर्यादेत. मासिक वर्गणी २० वरून ३० रुपये करण्याची नोटीस असेल तर २५ ची उपसूचना चालेल, ५० ची नाही.

‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही’ हे वाक्य नोटिशीत सर्रास छापतात. अशा सभेत नेहमीचे कामकाज होऊ शकते. तीत घटना बदलता येते का, हे मात्र त्या संघटनेच्या नियमांवर ठरते, आणि नियम स्पष्ट नसेल तर हा धोका पत्करू नये. पाळी सुटण्याच्या वेळेला किंवा सुटीच्या दिवशी सभा ठेवली तर पुरेशी उपस्थिती मिळण्याची शक्यता वाढते.

बहुमताचा हिशेब तर सभेआधीच करून ठेवावा. ‘दोन-तृतीयांश’ कशाचे? ९०० सभासदांच्या संघटनेत २४० हजर राहिले आणि २०० जणांनी मत दिले, तर एकूण सभासदांचे दोन-तृतीयांश म्हणजे ६००, हजर असलेल्यांचे १६०, आणि मत देणाऱ्यांचे १३४. एकच शब्द, तीन आकडे. नाव बदलायचे तर पर्याय नाही: तिथे कायद्यानेच एकूण सभासदांच्या किमान दोन-तृतीयांशांची संमती लागते. विलीनीकरणासाठी १९२६ च्या कायद्यात मताधिकार असलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी मत द्यावे लागे आणि पडलेल्या मतांपैकी किमान ६० टक्के अनुकूल लागत.

काही गोष्टी कितीही बहुमताने बदलता येत नाहीत. सर्वसाधारण निधी कायद्याने ठरवलेल्या कारणांपलीकडे वापरण्याचा नियम करता येत नाही. राजकीय कामासाठीचा निधी वेगळाच ठेवावा लागतो आणि त्यात वर्गणी देण्याची सक्ती होत नाही. संघटित क्षेत्रातल्या संघटनेत प्रत्यक्ष कामावर नसलेले पदाधिकारी एक-तृतीयांश किंवा ५, यांपैकी जो आकडा कमी असेल, त्याहून जास्त ठेवता येत नाहीत. महाराष्ट्रात १९७१ च्या मान्यतेविषयक कायद्याखाली मान्यता हवी असलेल्या संघटनेच्या नियमांत दरमहा किमान ५० पैसे वर्गणी, तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक आणि प्रत्येक ठरावाची इतिवृत्त पुस्तकात नोंद या तरतुदी असाव्याच लागतात.

इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ एवढेच लिहून थांबू नये. हजर किती, बाजूने किती, विरुद्ध किती, तटस्थ किती, आणि मंजूर झालेला मजकूर अक्षरशः लिहावा. हजेरीपटावरच्या सह्या व ही संख्या जुळली पाहिजे. त्यानंतर दुरुस्तीची प्रत १५ दिवसांच्या आत निबंधकाकडे पाठवायची. सोबत नोटीस, इतिवृत्ताचा उतारा आणि जुना व नवा मजकूर शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता जोडला तर शंका कमी निघतात. दुरुस्ती संघटनेच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे झाली आहे का आणि ती कायद्याशी विसंगत नाही ना, एवढेच निबंधक पाहतो. बदल शहाणपणाचा आहे की नाही, हे ठरवणे त्याचे काम नाही. उशिराचा दंड जुन्या कायद्यात फार तर ५० रुपये होता, पण खरे नुकसान पुढे होते: न नोंदलेल्या नियमावर निवडणूक घेतली की हरलेला गट तिथेच बोट ठेवतो. पदाधिकारी व सभासदत्वाच्या अशा वादांसाठी महाराष्ट्राने १९२६ च्या कायद्यात कलम २८-१अ घालून निबंधकाच्या संमतीने औद्योगिक न्यायालयात जाण्याची सोय केली होती. संहितेने संघटनेच्या कारभाराविषयीचे वाद न्यायाधिकरणाकडे सोपवले आहेत, आणि तिथे पहिल्यांदा मागितली जातात ती नोटीस आणि इतिवृत्त पुस्तक.