काटा थंड, इंजिन गरम

गेल्या मे महिन्यात तारकर्लीला मावसभावाच्या बोटीवर होतो. पर्यटकांना फिरवायची छोटी डिझेल बोट. खाडीच्या मध्यावर तो एकदम म्हणाला, "दादा, काटो खालीच आसा, पण वास येता." तापमानाचा काटा थंडच्या खुणेजवळ, आणि झाकणाखालून तापलेल्या रबराचा वास! इंजिन बंद करून पाहिलं, तर थंड करणारं पाणी जिथून आत खेचलं जातं तिथेच प्लास्टिकची पिशवी चिकटली होती. पिशवी निघाली, इंजिन बचावलं. पण काटा खोटं का बोलला?

काटा तापमान मोजतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो विद्युत रोध मोजतो. इंजिनात आटे फिरवून बसवलेल्या पितळी सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो, म्हणजे मँगॅनीज, निकेल अशा धातूंच्या ऑक्साइडांची भाजून केलेली बारीकशी गोळी. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो, अंशाला साधारण 0.4 टक्के. थर्मिस्टरचा उलट घटतो, आणि तोही अंशाला 3 ते 5 टक्के! तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन आधीच भरपूर असतात. अणू थरथरू लागले की त्यांची वाट अडते. ऑक्साइडातले इलेक्ट्रॉन मात्र आपापल्या अणूला धरून असतात. शेजारच्या अणूवर उडी मारायला त्यांना ऊर्जा लागते, ती उष्णता पुरवते. तापमान चढत गेलं की उड्या घातांकी वेगाने वाढतात. हा उलटा स्वभाव मायकेल फॅरडेला 1833 मध्येच सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. अशा पदार्थांचं, म्हणजे अर्धवाहकांचं, शास्त्र उभं राहायच्या कितीतरी आधी, केवढी ही नजर!

म्हणजे रोध कमी तर इंजिन गरम, रोध जास्त तर थंड. आता यात खारं पाणी आणा. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, तसाच हिरवा थर तारांच्या टोकांवर आणि सेन्सरच्या आट्यांवर चढतो. समजा, इंजिन तापून सेन्सरचा रोध 60 ओहमवर (ओहम हे रोधाचं एकक) आला आणि वाटेत या थराचे 100 ओहम बसले. मीटरला दिसतात 160, आणि काटा सांगतो, सगळं थंड आहे. गंजाने वाढवलेला रोध काट्याला नेमका धोक्याच्या उलट दिशेला नेतो. म्हणून बोटीसाठी कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी, म्हणजे वायरची कल्हईच.

आम्ही धक्क्यावर येऊन तपासलं. चावी चालू ठेवून सेन्सरची वायर काढली, काटा तळाशी. तीच वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवली, काटा सरळ टोकाला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. (नव्या संगणकी इंजिनांवर हा प्रयोग करू नका. पेट्रोल टाकीच्या सेन्सरवरही नको, ठिणगी पडते.)

मग रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरची एक तार सेन्सरच्या पितळेला, दुसरी इंजिनला लावली. एका वायरच्या सेन्सरचा प्रवाह आट्यांतूनच इंजिनात परततो, तेव्हा इथे रोध एक ओहमच्याही आत हवा. दिसले सत्तरच्या वर! सेन्सर उघडला, तर आट्यांवर पांढऱ्या टेपचे जाड वेढे आणि त्यांत मुरलेला हिरवा थर. गळती थांबवायला कुणी मिस्त्रीने टेप गुंडाळली होती, पण तिच्यातून वीज जात नाही.

दरम्यान धक्क्यावरच्या एकाने डॅशबोर्डला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्यामागची कृतज्ञता मला कळते. पण बिघाडाला नजर लागली म्हणायचं आणि तसंच पाण्यात जायचं, याने बोटीवरच्या माणसांचा जीव जातो.

आटे तारेच्या ब्रशने घासले, टेपविना नव्या तांब्याच्या वॉशरवर सेन्सर घट्ट बसवला. इंजिन चालू केलं. दहाएक मिनिटांत काटा हळूहळू उठला आणि 80 जवळ येऊन थांबला. भाऊ झाकणावर हात ठेवून तिकडेच बघत होता.