मृत्यू (टॅरो पत्ता)

टॅरोच्या बावीस मुख्य पत्त्यांपैकी (मेजर आर्काना) तेराव्या क्रमांकाचा पत्ता. टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत रुजलेला पत्त्यांचा खेळ. भविष्य पाहण्यासाठी त्याचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाला. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा संचातला मृत्यू धनुष्यधारी सांगाडा आहे. मार्सेय धाटणीच्या संचांत तो लांब दांड्याच्या विळ्याने कापणी करतो आणि पत्त्यावर बहुधा नावही छापलेले नसते.

आज सर्वाधिक परिचित असलेले चित्र १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचातले. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून संथपणे चालला आहे. त्याच्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे. वेट यांच्या मते तो जीवनाची खूण. मागे नदी, होडी आणि दोन बुरुजांमधला सूर्य. पत्त्याचा खरा गाभा मात्र घोड्यापुढच्या चौघांत आहे. राजा मुकुटासह धुळीत पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणी तोंड फिरवते आणि लहान मूल मान वर करून स्वाराकडे पाहते. अंत सर्वांना सारखाच येतो, त्याला सामोरे जाण्याची रीत प्रत्येकाची वेगळी.

मुंबईत टॅरो पाहायला येणाऱ्यांचे प्रश्न बहुधा नोकरी, लग्न आणि घराचे असतात. हा पत्ता निघाला की समोरचा दचकतो, आणि पत्ते वाचणारे लगेच सांगतात की हे मरण नव्हे, बदल आहे. प्रचलित अर्थ तोच: एक पर्व संपून दुसऱ्याला वाट होणे. पण तेवढ्यावर थांबले तर चित्रातला राजा विसरला जातो. १९८२च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर उभे राहिले. त्याला नुसता ‘बदल’ म्हटले, तर घरी बसलेल्या कामगाराचे काय गेले ते सांगायचे राहून जाते. हा पत्ता हानी आणि उगवता सूर्य दोन्ही एकाच चौकटीत दाखवतो, म्हणून त्याचे वाचनही दोन्ही धरूनच व्हायला हवे.

पत्ता उलटा आला तर संपलेल्या गोष्टीला चिकटून राहणे, बदल अडवून धरणे असा अर्थ लावतात. गोल्डन डॉन या इंग्लंडमधील गूढविद्या मंडळाच्या परंपरेत त्याची रास वृश्चिक मानली जाते.